आंधळा होता, बहिरा नव्हता

आमच्या आणि काकूंच्या आवारामध्ये एक कुपाटी आहे. पूर्वी ती बोराटीची होती. आता तारेची जाळी आली, तरी नाव कुपाटीच राहिलं. दोन्हीकडून कोपरं टेकून टेकून जाळीला मधोमध वाक आलाय. विरजण, कढीपत्ता, कालचा पेपर आणि आजच्या बातम्या त्या वाकावरूनच इकडून तिकडे जातात.

आसेगाव म्हटलं की बाहेरचा माणूस 'कोणतं?' असं विचारतो, कारण वाशीम जिल्ह्यात आसेगाव एकच नाही. रिसोडकडचं ते आसेगाव पेन. आमचं मंगरुळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाण्याचं. ठाणं गावातच असल्यामुळे जुगारावरच्या धाडीची बातमी आम्हाला पेपरातून वाचावी लागत नाही.

परवा सकाळी काकू खाटेवर धोतर पसरून मुंगवड्या टाकत होत्या. मी उन्हाला पाठ करून पेपर वाचत होतो.

"मास्तर, आइकलं का?"

काकूंच्या 'आइकलं का' ला उत्तर द्यायचं नसतं, पेपरची घडी घालायची असते. मी घातली.

"आमच्या इहीनबाईच्या भाच्याचा जवाई. थो अकोल्याकडचा. गेला म्हने गोव्याले दोस्तायसंग, अन् अकरा लाख बुडवून आला."

ही बातमी मला दोन दिवस आधीच लागली होती, पण वेगळ्या भावानं. गिरणीवर ती चार लाखांची होती, बसस्टँडवर सात लाखांची. कुपाटीपर्यंत येता येता अकरा झाली. आमच्या सोयाबीनला असा चढता भाव मिळता तर निम्म्या गावाचं कर्ज फिटलं असतं.

"समुद्रात बुडवले का?"

"मस्करी नका करू. कॅशिनोत. म्हने नदीत जहाज उभं हाये. सा जहाजं हायेत."

खरं आहे. पणजीला मांडवी नदीत ही जहाजं उभी आहेत. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा 1976 चा. म्हणजे नाव बंदीचं. 1992 मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं ठेवायला मुभा दिली आणि 1996 मध्ये जहाजावरच्या कॅसिनोला. जमिनीवर जे पाप, ते पाण्यावर पर्यटन. हे मी काकूंना सांगितलं.

"थे जहाज जाते कुठी?"

"कुठंच नाही. उभंच असतं."

"मंग त्याले जहाज कायले मनाव? लोखंडाचा वाडाच झाला थो."

आता खरी गंमत अकरा लाखांची नाही. ती पुढच्या चौकशीत आहे: दोष कुणाचा? काकूंनी आठ दिवसांत सगळ्यांच्या जबान्या गोळा करून ठेवल्या होत्या. जावई म्हणतो, कॅसिनोवाल्यांनी बुडवलं. दारू फुकट, जेवण फुकट, खोली फुकट; वर एक कोटवाला पोट्टा शेजारी उभा राहून 'सर, आता नशीब फिरते' असं पहाटेपर्यंत सांगत होता. जावयाचा सासरा म्हणतो, जावईच नालायक. जावयाची आई म्हणते, दोस्त वाईट. आणि गाव? गाव म्हणतं, बायकोचं लक्ष नव्हतं.

इथं आमच्या स्वयंपाकघरातून आवाज आला. आमची ही कुपाटीवर कधी येत नाही, पण तिचा कान तिथंच असतो. "जाताना बायकोला विचारलं होतं का कोणी? मग हरल्यावर बायको बरी आठवली!"

"हेच द्रौपदीनं इचारलं होतं," काकू म्हणाल्या.

काकू शाळेत दुसरीपर्यंत गेल्या, पण भागवत सप्ताह आणि कीर्तनं त्यांनी पंचावन्न वर्षं ऐकली आहेत. द्रौपदीचा प्रश्न त्यांना पाठ आहे: धर्मराज आधी स्वतःला हरला की आधी मला? भर सभेत वकिली मुद्दा होता तो. जो स्वतःचाच उरला नाही, तो दुसऱ्याला पणाला कसा लावील? भीष्मासारखा माणूस गडबडला, धर्म सूक्ष्म आहे म्हणाला आणि गप्प बसला. आम्ही पुरुष मंडळी दर वर्षी कीर्तनात या जागी हळहळतो आणि मग शकुनीला शिव्या देतो. फासे त्याचे, कपट त्याचं, मोकळे झालो.

काकूंना हे मान्य नाही.

"शकुनी तं शकुनीच हाये. त्याच्यापासून काय आस? पन मले सांगा मास्तर, सभा कोनाची?"

"धृतराष्ट्राची."

"निवतं कोनं धाडलं?"

"धृतराष्ट्रानं. विदुराला पाठवून."

"फासे कोनाच्या सायाचे?"

"त्याच्याच. गांधारीचा भाऊ."

"मंग? आंधया होता, बहिरा तं नव्हता. दर डावाले इचारत होता, जिकलं का, जिकलं का. सगयं आइकू येत होतं त्याले."

आणि पुढची गोष्ट आपण कीर्तनात घाईनं उरकतो, ती काकूंनी वाटली डाळ हातात तशीच धरून सांगितली. पहिल्या द्यूतानंतर धृतराष्ट्रानं पांडवांना सगळं परत दिलं होतं. राज्य, दास, धन, सगळं. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेसुद्धा. तेवढ्यात मागून माणूस आला: महाराजांनी परत बोलावलंय, आणखी एक डाव. धर्मराज काय होणार हे जाणून परत फिरला. बारा वर्षांचा वनवास आणि वर्षाचा अज्ञातवास त्या दुसऱ्या डावाचा आहे.

"पयल्या डावाले धर्मराज चुकला," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या डावाचं पाप बलावनाऱ्याचं."

मी मास्तर माणूस. चाळीस मुलांच्या वर्गात एखादं पोर असं उत्तर देतं की आपलं पुस्तक मिटून ठेवावं. तसं झालं. कारण नेमका हाच खटला ऑस्ट्रेलियात चालला आणि तिथल्या सर्वोच्च पीठानं काकूंच्या उलट निकाल दिला.

त्या माणसाचं नाव हॅरी काकावास.

"काका?" आतून हिनं विचारलं.

काकावास. जमिनी-घरांचे सौदे करणारा, बक्कळ कमावणारा. मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोत खेळायचा. 1995 मध्ये त्यानं स्वतःच लिहून दिलं की मला आत घेऊ नका, माझा माझ्यावर ताबा राहत नाही. पुढे काही वर्षांनी कॅसिनोला कळलं की हा गडी अमेरिकेत जाऊन मोठमोठे डाव खेळतोय. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात! मग निवतं गेलं. त्याला आणायला खासगी विमान, राहायला फुकट खोल्या, विमानात हातखर्चाला रोख. 2005 च्या जूनपासून पुढच्या साधारण चौदा महिन्यांत त्यानं पत्त्यांच्या बाकारा नावाच्या खेळात दोन कोटी पाच लाख डॉलर घालवले. मग कोर्टात गेला. म्हणाला, मी आजारी आहे हे यांना ठाऊक होतं आणि यांनी त्याचाच फायदा घेतला. 2013 च्या जूनमध्ये निकाल लागला. तो आपलं हित ओळखू शकत होता, नको म्हणू शकत होता, पूर्वी कधी कधी म्हणालाही होता. सबब हरलेल्या पैशाचा भार त्याचा त्यानंच सोसावा.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. वड्या मात्र पडत होत्या, एका ओळीत, बोटाच्या पेराएवढ्या.

"इमान कोनं धाडलं होतं?"

"कॅसिनोनं."

"मंग जज बी आंधयाच."

मी जजसाहेबांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. शहाणा, कमावता, हिशेबात पक्का माणूस. हरला की 'माझा ताबा नव्हता' आणि जिंकला की 'माझं डोकं', असं कसं चालेल? आज जुगारी म्हणेल, उद्या शेअरबाजारवाला म्हणेल. कोर्टानं कुणाकुणाचं परत करायचं? यात दम आहे, आणि मला तो मान्यही आहे. पहिल्या डावापुरता. दुसऱ्या डावाला मी काकूंच्या बाजूचा आहे. ज्यानं लिहून दिलं त्यालाच विमान पाठवणं, याला धंदा म्हणत असतील तर नरभक्षक वाघालाही पशुपालक म्हणावं लागेल. पुढे 2022 मध्ये त्याच कॅसिनोला तिथल्या नियामकानं 12 कोटी डॉलरचा दंड ठोकला. लोक चोवीस तासांहून जास्त वेळ खेळत बसलेले दिसत होते, कुणी उठवलं नाही, अशा कारणांसाठी.

"दंड काकाले भेटला का?"

"नाही. सरकारजमा."

"म्हंजे सरकारनं बी नाल काढली."

'नाल' हा शब्द शहरी वाचकाला ठाऊक नसेल. जुगाराच्या अड्ड्यावर ज्याची जागा, चटई आणि दिवा, तो प्रत्येक डावातून थोडे पैसे बाजूला काढतो. ती नाल. खेळणारे जिंकोत, हरोत. नालवाला कधी हरत नाही. काकूंना हा शब्द ठाऊक असायचं कारण म्हणजे आमचे बुढेबाबा, त्यांचे यजमान. ते तिथंच बाजेवर कानटोपी घालून बसले होते. पोळा ते गौरी-गणपती हा त्यांचा तरुणपणीचा हंगाम.

"कॅशिनोत नाल किती घेतात वो?" बुढेबाबांनी व्यावसायिक कुतूहलानं विचारलं.

मी काकूंच्याच सुपातले तुरीचे सदतीस दाणे मोजून जाळीच्या खांबावर मांडले. म्हटलं, ही कॅसिनोतल्या फिरत्या चाकाची सदतीस घरं. शून्य ते छत्तीस. समजा तुम्ही शहाणपणा केला आणि प्रत्येक घरावर एक-एक रुपया लावला. सदतीस रुपये गेले. गोळी कुठं तरी पडणारच. जिथं पडली त्याचे पस्तीस आणि तुमचा लावलेला एक, असे छत्तीस हातात. एक दाणा मी उचलून तोंडात टाकला. हा त्यांचा. यात लबाडी नाही, पत्ता लपवलेला नाही, चाकाला लोहचुंबक नाही. सगळं सरळ असतानाही सदतीसातला एक दाणा त्यांचा. आणि ज्या चाकावर दोन शून्यं असतात, तिथं अडतीसातले दोन.

"येवढीच?" बुढेबाबा हिरमुसले. "आमच्या इथं तं याहून जास्त घेत होते."

"एकदाच खेळलात तर एवढीच. पण रात्रभर खेळलात तर?"

काकावासचा हिशेब मुद्दाम लिहून घेऊन काढला. चौदा महिन्यांत त्यानं फिरवलेली रक्कम जवळपास दीड अब्ज डॉलर होती. त्यातले गेले दोन कोटी पाच लाख, म्हणजे शंभरामागे दीड रुपयाहूनही कमी. तो काही वाईट खेळला नाही, त्याचं नशीबही फार फुटकं नव्हतं. तो फक्त उठला नाही. म्हणून तर दारू फुकट असते आणि म्हणून तो कोटवाला पोट्टा शेजारी असतो. माणूस बसून राहिला की बाकीचं काम चाक करतं.

"कोंबडी दाना टिपते तसं," काकू म्हणाल्या. "येक येक. सूप रिकामं झाल्यावर समजते."

बुढेबाबांना आता चेव आला होता. त्यांनी वरळी मटक्याचा इतिहास काढला. आमच्या वऱ्हाडाला तो जवळचा, कारण तो मुळात कापसाचा. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावानं उघडला आणि कोणत्या भावानं बंद झाला, त्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागायचे. 1961 च्या सुमाराला तिकडून आकडे यायचे बंद झाले, म्हणून मग मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले. पुढे पत्ते आले आणि रतन खत्रीचं नाव घरोघरी पोचलं. पिकवणारा इथं, भाव तिथं आणि त्या भावावर जुगार तिसरीकडं. बुढेबाबांच्या मते कापूस पेरणं हाच मूळ जुगार, बाकीचे नंतर आले. यावर कोणी बोललं नाही. औंदाचं सोयाबीन प्रत्येकाच्या डोळ्यासमोर होतं.

"पन मास्तर, आपल्या इकडं येवढं कोनी हारत नसन," काकू म्हणाल्या. अकरा लाख त्यांना आता लहान वाटू लागले होते.

मग मला नागपूरची गोष्ट सांगावी लागली. जुलै 2023. तिथल्या एका व्यापाऱ्यानं सायबर पोलिसांकडे तक्रार केली की ऑनलाइन जुगारात आपले 58 कोटी गेले. गोंदियाच्या एका बुकीनं मोबाइलवर दुवा पाठवून खातं उघडून दिलं, सुरुवातीला आठ लाख टाकले, पहिल्यांदा पाच कोटी जिंकलेही आणि मग घसरण. तक्रारीत म्हणणं असं की खेळच फिरवलेला होता. पोलिसांनी गोंदियात धाड घातली, तर पहिल्याच झडतीत 14 कोटींच्या आसपास रोकड आणि 4 किलो सोनं. नोटा मोजायला यंत्रं लागली. आरोपी तोवर दुबईला निघून गेलेला.

"अठ्ठावन कोटी म्हंजे किती?"

काकूंचा हा प्रश्न रास्त असतो. त्यांना आकडा क्विंटलमध्ये लागतो. 2025-26 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये होता. (बाजारात मिळाला किती ते विचारू नका.) हमीभावानं धरलं तरी 58 कोटी म्हणजे एक लाख आठ हजार क्विंटलच्या वर. एकरी आठ क्विंटल उतारा धरला, तर साडेतेरा हजार एकरांचं पीक. एका माणसानं, एका मोबाइलवर.

"माय वो," एवढंच काकू म्हणाल्या. त्यांचं वावर चार एकर आहे.

या खटल्यात एक बारकावा आहे, आणि जावयाच्या सासऱ्याला तो मी फोनवर सांगितलासुद्धा. तो व्यापारी 'मी हरलो' म्हणून पोलिसांकडे गेला नाही, 'मला फसवलं' म्हणून गेला. कारण नुसतं हरण्याला आपल्याकडे दाद नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं की पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेल्याला कोर्टातून वसुली करता येत नाही आणि ज्यानं आपल्या हातानं मोजून दिले, त्यालाही कोर्ट सहसा 'घे परत' म्हणत नाही. इंग्रजांच्या या कायद्यानं जणू दोघांनाही दाराबाहेर उभं केलं: तुमचं तुम्ही बघा, आमचा वेळ घेऊ नका. दीडशे वर्षं आपण तिथंच उभे आहोत. लबाडी सिद्ध झाली तर गुन्हा. पण लबाडी न करता, सरळ चाकावर, दारू पाजून, पहाटेपर्यंत बसवून घेतलं तर? त्याला आपल्या कायद्यात नावच नाही.

सरकारचं म्हणाल तर ते या विषयात कायम दोन डोक्यांचं. महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदीचा कायदा आहे, त्याच्याखाली गोठ्यातले आठ जण पकडले की पेपरात नावं येतात. याच महाराष्ट्रानं 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीनं मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे मला पटलं. त्याच्या महिनाभर आधी आपले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला होता. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बाजूला सारत होतो. त्यांचं कृषी खातं गेलं आणि खेळ खातं मिळालं. यावर काकूंच्या कुपाटीवर जेवढं हसू झालं तेवढं दिवाळीच्या फराळालाही झालं नव्हतं.

"म्हंजे मोबाइलात बंद, नदीत चालू," काकूंनी कायद्याचा सारांश केला.

"चालू. आणि आणखी एक. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या माणसाला गोव्याच्या कॅसिनोत जायला बंदी आहे."

काकूंनी वाटी खाली ठेवली. "काय म्हनता?"

"खरं. गोवेकराला आत जाता येत नाही. आसेगावच्या माणसाला येतं."

हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. आपल्या पोरांना जे विष म्हणून देत नाही, ते पाव्हण्याच्या ताटात वाढायचं! त्यांच्या हिशेबात याहून मोठा गुन्हा नाही. मी त्यात आणखी भर घातली, की कॅसिनोवरचा जीएसटी आधी 28 टक्के होता, 2025 च्या सप्टेंबरापासून 40 टक्के. आणि हे काही आजचं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. सगळा जुगार एका जागी खेळवायचा, फासे सरकारी आणि जिंकलेल्या पैशातले पाच टक्के राजाचे.

"म्हंजे धृतराष्ट्र नुसता आंधया नाई," काकू म्हणाल्या. "नालबी घेते."

मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, सिंगापुरात एक चांगली सोय आहे. तिथं कॅसिनो आहेत, पण स्थानिक माणसाला नुसतं आत पाऊल टाकायला 150 डॉलर भरावे लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरच्यांना अर्ज करता येतो. बायकोनं, आईबापानं, मुलानं अर्ज करायचा की आमचा माणूस घर बुडवतोय. चौकशी होते आणि त्याला दारातूनच परत पाठवण्याचा हुकूम निघतो. जबाबदारी मग हवेत राहत नाही. कागद दाराशी असतो आणि दारवानाला तो वाचावा लागतो.

हे सांगताना मला माझीच गोष्ट आठवली. ती मी आजवर कितीदा तरी सांगितली आहे, शाळेतल्या निरोप समारंभातही सांगितली. 1986 चा पोळा. नवी नोकरी, खिशात पगार. एका गोठ्यात एक्का-बादशहाचा डाव रंगला होता, मीही बसलो. साडेतीनशे रुपये गेले. तेव्हा ती रक्कम मोठी होती, आणि घरी बहिणीचं लग्न ठरलेलं. दिवेलागणीच्या सुमाराला मी घड्याळ काढून ठेवायला लागलो, तर अड्डेवाल्यानं माझं मनगट धरलं. "मास्तर, उठा. आज तुमचं पान नाई. घरी जा." स्वतःची नाल सोडून त्यानं मला उठवलं. मी नेहमी सांगतो, की गावातला नालवालासुद्धा माणूस होता. उद्या सकाळी विहिरीवर आपल्या आईचं तोंड पाहायचं आहे हे त्याला कळत होतं. कॅसिनोवाल्याला कुणाच्या आईचं तोंड पाहावं लागत नाही.

मी थांबलो. या जागी लोक सहसा मान हलवतात. काकू मात्र हसायलाच लागल्या. बुढेबाबांनी कानटोपी डोळ्यांवर ओढली.

"मास्तर, थो कायचा भला मानूस! तुमची माय अन् म्या, आमी दोघी गेलतो त्याच्या घरी. त्याच सांजी. तुमी डावाले बसले हे ह्या बुढ्यानंच येऊन सांगतलं होतं. तुमची माय त्याच्या उंबऱ्यावर बसली. म्हने, माह्या पोराले उठव. त्याचा आनखी येक रुपया तुह्या नालेत पडला, तं मी सकायी इथूनच गाव जमा करीन, इथंच अन्नपानी सोडीन. अन् मी बाजूले उभी, हातात इया घेऊन."

"विळा कशाला?"

"गवत कापून सिद्दी आलती न म्या. पन त्याले काय मालूम?"

चाळीस वर्षं मी त्या माणसाचे गोडवे गातोय. तो वारला तेव्हा शोकसभेत बोललो. आईनं मरेपर्यंत एक अक्षर काढलं नाही. आत स्वयंपाकघरातही शांतता होती, म्हणजे हिलाही हे ठाऊक होतं. सिंगापूरचा हुकूम आसेगावात 1986 सालीच बजावून झाला होता, दोन बायकांनी, एका विळ्यानिशी.

"जवायाच्या मायले सांगतो म्या हे," काकू म्हणाल्या. "लेकरू गेल्या सोमवारी परत गेलं म्हनते गोव्याले. गेलेले पैशे आनतो म्हने. तिकीट तिकडूनच आलं."

दुसरा डाव. मी पेपरच्या कडेला 14416 हा टेलिमानसचा नंबर लिहिला, कड फाडली आणि जाळीच्या वाकावरून पलीकडे दिली. फुकट आहे, मराठीत बोलतात, व्यसनासाठीही चालतो, हारणाऱ्यानंच करायला हवा असं नाही, बायकोनं केला तरी चालेल. काकूंनी चिठ्ठी पदराला बांधली. मग हात धुतले, वड्यांवर पातळ फडकं टाकलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं,

"मास्तर, गोव्याले यष्टी कोनती जाते?"

"कशाला?"

"इहीनबाई अन् मी. जाऊन बसतो त्या जहाजाच्या दाराशी."

मी चौकशी केली. आसेगावहून थेट गाडी नाही.